घरचा नॉर्मल

बोटाच्या पेराएवढी ती प्लास्टिकची कुपी मुठीत धरून बराच वेळ झाला तरी आतलं पिवळसर बर्फ वितळेना – की वितळत होतं आणि तिलाच कळत नव्हतं... हलिमाने मूठ उघडली. कुपीवर निळ्या मार्करने, तिच्याच अक्षरात, लिहिलेलं होतं : ‘एच – नॉर्मल’. एच म्हणजे हलिमा. बर्फाचं केव्हाच पाणी झालं होतं. कुपीला टेकलेली तीन बोटं मात्र मधल्या पेरापासून वर पांढरी पडली होती, आणि त्या पांढऱ्याची हद्द कुणी पट्टी लावून आखावी इतकी सरळ होती. तिने अंगठ्याचं नख त्यातल्या एका बोटात रुतवलं. खूण उमटली, बाकी काही नाही. एसीमुळे, ती मनाशी म्हणाली. हे वाक्य म्हणताना तिचे दोन हिवाळे गेले होते, आणि आता तर सप्टेंबर चालू होता.

एसी लागतोच. वाशीतला हा तळमजल्यावरचा फ्लॅट लॅबसाठी घेतला तेव्हा सरांनी – डॉक्टर नंदकिशोर, पण सगळे त्यांना सरच म्हणायचे – हॉलमध्ये बाकडी टाकली, बेडरूममध्ये मशिनं लावली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला काळा कागद डकवून ओट्यावर तो मायक्रोस्कोप बसवला, मुंबईतल्या कुठल्याशा संस्थेने जुना म्हणून काढून टाकलेला. त्याचा दिवा भयंकर तापतो, म्हणून एसी. घरीही ओटा आणि इथेही ओटाच, बाईच्या जातीला सुटका नाही, असं पहिल्या वर्षी हलिमा हसून सांगायची. त्याला सहा वर्षं झाली. आता सांगत नाही.

या ओट्यावर जी तपासणी होते तिला एएनए म्हणतात. पेशंटने फार प्रश्न विचारले की सर एका वाक्यात उरकायचे – “कुंपणच शेत खातंय का, ते बघायचं. बस.” शरीराची राखण करणारं रक्त शरीरावरच उलटलं असेल, तर काचेवरच्या पेशी दिव्याखाली हिरव्या चमकतात, उलटलं नसेल तर काळोख. पण चमक म्हणजे किती चमक हे ठरवायला शेजारी एका निरोगी माणसाचं रक्त ठेवावंच लागतं, प्रत्येक खेपेला. त्याला कंट्रोल म्हणायचं. किटमध्ये त्याची एवढीशी बाटली येते. ती चार खेपांत संपते आणि काचा उरतात. मग लहान लॅबवाले जे करतात तेच सरांनी केलं होतं. “हलिमा, तू आहेस की! घरचा नॉर्मल,” असं म्हणाले होते, आणि तिने हसत बाही वर केली होती. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, आणि आपल्यात काही खोट असेल असं पंचविशीत कुणाच्या मनात येतं? तेव्हापासून दर चार महिन्यांनी तिचं रक्त काढायचं, त्यातलं पिवळं पाणी, सीरम, कुप्यांत भरून गोठवायचं, आणि आखडलेल्या, सुजलेल्या, गालांवर चट्टे उठलेल्या, कारण न कळता थकलेल्या सगळ्या माणसांचं रक्त तिच्या रक्ताशेजारी ठेवून ताडून पाहायचं. हारुन मसाला मार्केटात दोस्तांना सांगायचा, आमची बेगम म्हणजे सॅम्पलचा माल आहे, गोणीत काय आहे ते तिच्यावरून ठरवतात. तो हे सांगायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा अभिमान असायचा, आणि तिलाही तो आवडायचा.

मी नॉर्मल. सहा वर्षं मी नॉर्मल.

आज सकाळी साडेनऊला हॉलमधल्या बाकड्यावर गिरजाबाई येऊन बसली होती. घणसोली गावातली, मासे विकणारी. चाळिशी ओलांडलेली, पण हात साठीचे. तिला आधी हलिमाने ओळखलं नाही. तिनेच ओळखलं.

“तूच ना गो बाय? शिमग्याच्या आधी माजं रगात घेतलं व्हतंस. काय नाय म्हनलंव तुमी. आता ह्ये बग.”

उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक काळं पडलं होतं. मध्ये एक लहानसं वाळकं भोक, वाटाण्याएवढं. हलिमाने ते पाहिलं आणि तिला काही वाटलं नाही. म्हणजे वाटायला हवं होतं हे कळलं, पण ते कळणं कुठेतरी लांब, शेजारच्या बिल्डिंगमध्ये फोन वाजतो तसं. तिने नेहमीसारखी सुई लावली, रक्त काढलं, कापूस दाबायला सांगितला. गिरजाबाईने पदरातून चिठ्ठी काढली. मुंबईच्या एका सांध्यांच्या डॉक्टरने लिहिलेली, इंग्रजीत, दोनच ओळी : लक्षणं आणि फेब्रुवारीचा रिपोर्ट जुळत नाही. तपासणी पुन्हा करा, आणि किटमधलाच निगेटिव्ह कंट्रोल वापरा.

‘च’ इंग्रजीत नसतो. पण अधोरेखित केलेला होता.

“रिपोर घेऊनच जाईन,” गिरजाबाई म्हणाली. “घरान कोन इस्वास ठेवीत नाय. जाव म्हनते, डाक्टरान सांगलं काय नाय, तं ही कामाची चोर. मंग बसली बर्फान हात घालून, काय करनार? बर्फाबिगर मासा टिकतंय का?”

जाऊ म्हणते, कामचोर. डॉक्टरने सांगितलं काही नाही. डॉक्टरने कुठे... रिपोर्ट कुणी लिहिला होता? फेब्रुवारीत रोगाची खूण कागदावर आली असती तर पहिलं वाक्य बाईला हेच ऐकायला मिळालं असतं : थंडी टाळा, बर्फात हात घालू नका. सात महिने. एका बोटाचं टोक.

म्हणून आता ओट्यावर काच मांडलेली होती, पाच खिडक्यांची, म्हणजे थेंबापुरत्या पाच गोल खणांची. पहिलीत पक्का रोगी, किटमधला, जो चमकलाच पाहिजे. दुसरीत किटमधला निरोगी. सरांनी ‘अडीअडचणीला’ म्हणून फ्रीजरच्या तळाशी जपलेली ती बाटली तिने आज फोडली होती. चौथीत गिरजाबाईचं फेब्रुवारीचं जपून ठेवलेलं सीरम. पाचवीत आजचं. आणि तिसरी खिडकी... तिसरीची कुणी मागणी केली नव्हती. चिठ्ठीत नव्हती, कामात नव्हती. तरी तिने फ्रीजरमधून ती कुपी काढली, मुठीत धरली, आणि आता थेंब तिसऱ्या खिडकीत टाकला. ओलसर डब्यात काच ठेवून झाकण लावलं. अर्धा तास.

अर्ध्या तासात जेवून घ्यावं. डब्यात तांदळाची भाकरी आणि कालचं सुकटीचं कालवण. पहिला घास घशाखाली उतरताना मधेच अडला, आणि तिने सवयीने पाण्याचा घोट घेऊन तो ढकलला. ही सवय केव्हा लागली? घाई करतेस, हारुन म्हणायचा. सावकाश खा, तुझी गाडी सुटत नाही. सकाळी मिस्बाहची वेणी घालताना पोरीने मान आक्रसली होती – “अम्मी, मानेला हात नको ना लावू, थंड लागतो.” सहा वर्षांची पोर, शाळेची घाई, रिबिन तोंडात धरलेली. हलिमाने हात दुपट्ट्याला पुसले होते, थंडी पुसता येते असं समजून. लग्नातली अंगठी गेल्या वर्षी सोनाराकडे कापून काढावी लागली. सोनार म्हणाला, भाभी, हात भरलाय, खाऊनपिऊन सुखी आहात. तीही हसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गावाचा वळसा मीच घालत होते, दुसऱ्यांच्या रक्तात शोधत...

आणि बतूल खाला. तिची आठवण आज येऊ नये असं वाटत होतं, म्हणूनच आली. श्रीवर्धनकडच्या आजोळी, सुपारीच्या वाडीत राहणारी आईची मोठी बहीण. तिच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नव्हती. पन्नाशीला आली तरी कपाळ गुळगुळीत, गाल ताणलेले, चकचकीत. आणि गावातल्या बाया म्हणायच्या, नमाजी बाई आहे, तोंडावर नूर बघा कसा आलाय! खालालाही ते खरं वाटत असावं. मग तिचं तोंड लहान होत गेलं. आधी आंबा चोखता येईना, मग मोठा चमचा आत जाईना; चहाच्या चमच्याने पेज भरवावी लागे, आणि तेव्हाही येणारीजाणारी तोंडावरचा नूर पाहून माशाल्ला म्हणायची. मुलं तिला घाबरायची. हलिमाही. खाला हसली की चेहऱ्यावर काहीच हलायचं नाही, फक्त डोळे. एकदा तिने आखडलेल्या बोटांनी हलिमाच्या गालाला हात लावला होता आणि हलिमाने मान आक्रसली होती. अगदी मिस्बाहसारखी.

भाकरी अर्धी उरली. ती तिने डब्यात परत ठेवली, काच धुतली, रंगाचा थेंब टाकला, आणि दुसरा अर्धा तास लावला.

मुळात चूक कुठे झाली हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि मान्य असणं यात तिने सात महिन्यांचं अंतर ठेवलं होतं, एवढंच. जानेवारीपर्यंत काचेवर उंदराच्या यकृताचे काप असायचे. फेब्रुवारीत एजंटने नव्या काचा आणल्या, माणसाच्या पेशी वाढवलेल्या. जास्त बारीक दिसतं म्हणाला. आणि दिसलं. पहिल्याच दिवशी, तिच्या स्वतःच्या खिडकीत, प्रत्येक पेशीच्या आत बारीक हिरवे ठिपके, राजगिरा सांडल्यासारखे, मोजता येतील इतके सुटे. गिरजाबाईच्या खिडकीतही तेच. हलिमाने सरांना हाक मारली होती. त्यांना त्यांच्या दुसऱ्या, पनवेलच्या लॅबला जायचं होतं. बूट घालूनच ते आत आले, वाकले, दोन्ही खिडक्या पाहिल्या.

“कंट्रोलमध्येपण आहेत ना? मग बॅकग्राउंड. नवा माल आहे, असणारच. सोडून दे.”

तिने सोडून दिलं. यात काही वावगंही नव्हतं. शिकवलंच तसं होतं. नॉर्मलमध्ये जे दिसतं ते नॉर्मल. तिने रजिस्टरमध्ये कंट्रोलपुढे ‘समाधानकारक’ लिहिलं आणि गिरजाबाईच्या नावापुढे ‘निगेटिव्ह’, वळणदार अक्षरात. त्यानंतर दर खेपेला ती आपल्या खिडकीत ते ठिपके पाहत आली आणि वजा करत आली. किटबरोबर एक रंगीत तक्ताही आला होता, तो तिने स्वतः कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. त्यात खालच्या ओळीत, डावीकडून तिसरं चित्र... ठिपके. खाली बारीक अक्षरात, कातडी कडक करत नेणाऱ्या आजाराचं नाव. चहाची साखर काढायला ते दार ती दिवसातून चारदा उघडायची.

आणि उंदराच्या यकृतात हे ठिपके सहसा दिसतच नाहीत, असंही तिथे लिहिलं होतं. म्हणजे फेब्रुवारीच्या आधीही ते असतील. आदल्या वर्षी असतील. सर हसून घरचा नॉर्मल म्हणाले त्या दिवशी, बाही वर केलेल्या त्या हातात... कुणास ठाऊक. ते आता कुठल्याच कुपीवरून कळणार नव्हतं.

तिने दिवा लावून ठेवला होताच. काच बसवली, दार ओढलं, अंधार केला. पहिली खिडकी : पेशी हिरव्यागार, जशा असायला हव्यात. काच सरकवली. दुसरी. काळोख. स्वच्छ, निवांत काळोख, पेशींच्या जेमतेम कडा. किती दिवसांत तिने असा काळोख पाहिलाच नव्हता! एक क्षण ती तिथेच थांबून राहिली. कुणा परक्या देशातल्या, नाव नसलेल्या, धडधाकट माणसाचं रक्त... त्याचा तिला हेवा वाटला. मग तिसरी.

राजगिरा. प्रत्येक पेशीत.

चौथी. पाचवी. तेच, तितकेच, तसेच. ती पुन्हा तिसरीवर आली, पुन्हा चौथीवर. काच कुणी उलटी फिरवून दिली असती तर कुठली खिडकी घणसोलीच्या कोळणीची आणि कुठली आपली, हे तिला सांगता आलं नसतं. निरोगी माणसांतही शंभरात चारपाच जणांचं रक्त थोडंफार चमकतं, असं सर सांगायचे. तिने ते वाक्य मनात पुढे आणून ठेवलं, जसं पाहुण्यापुढे पाणी ठेवतात. मग पांढरी बोटं दिव्याच्या उजेडात धरली. वाक्य तसंच राहिलं, कुणी उचललं नाही. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. छातीत एक भिंत होती आणि भिंतीपलीकडे कुणीतरी बोलत होतं, एवढंच.

फोन वाजला. सर, पनवेलहून.

“झालं का त्या बाईचं?”

“झालं. पॉझिटिव्ह आहे, सर. ठिपके.”

“च्यायला. आणि कंट्रोल?”

“किटचा कंट्रोल ठीक आहे.”

“मग मागच्या वेळी काय झालं? बरं, मी चारला येतो, तेव्हा बघू. रिपोर्ट लिहून ठेव, सही करतो.”

फोन ठेवताना तिच्या लक्षात आलं की आपण एकही शब्द खोटा बोललो नाही. किटचा कंट्रोल ठीकच होता. वाट किती सोपी होती! ती कुपी आणि तिच्या सगळ्या बहिणी सिंकमध्ये ओतायच्या, नळ सोडायचा; फेब्रुवारीचं खापर नव्या मालावर फोडायचं. एजंट आहेच त्यासाठी. तिसऱ्या खिडकीचं कुणाला माहीत आहे? सर विचारणारही नाहीत; त्यांनीच ‘सोडून दे’ म्हटलं होतं. मिस्बाहची शाळा, हारुनच्या अम्माची आंघोळ, ईदच्या शेवया, सगळं जसंच्या तसं. मी नॉर्मल. अजून काही वर्षं मी नॉर्मल, खालाच्या तोंडावरही किती वर्षं नूर होता...

तिने रजिस्टर उघडलं. एक – पॉझिटिव्ह कंट्रोल. दोन – निगेटिव्ह कंट्रोल, समाधानकारक. चार, पाच – गिरजाबाई. तीनच्या ओळीवर पेन टेकलं आणि शाईचा एक ठिपका पडला. ती उठून हॉलमध्ये गेली.

गिरजाबाई बाकड्यावर पाय वर घेऊन बसली होती, हात पदरात गुंडाळलेले. बाकी कुणी नव्हतं. हलिमा तिच्याशेजारी बसली. पेशंटशेजारी बाकड्यावर ती आजवर कधी बसली नव्हती, उभ्यानेच बोलायची.

“मावशी, रिपोर्ट आला. आजार आहे. औषध आहे त्याला, डॉक्टर देतील. पण थंडी अजिबात नको. बर्फात हात घालायचा नाही.” मग एक श्वास. “मागच्या वेळीही होता. मागचा रिपोर्ट चुकला. मी चुकवला.”

आता ती ओरडेल, हलिमाला वाटलं. ओरडू दे. गिरजाबाई तिच्याकडे बघत राहिली, आणि तिचा सगळा चेहरा हळूहळू हलला, एकेक सुरकुती.

“म्हंजे मना व्हतंच?” ती म्हणाली. “मी नाटक नव्हतं करीत?”

“नाही.”

“ह्ये लिवून देशील? जावेला दाखवाया?”

“लिहून देते.”

गिरजाबाईने डोळे पुसले, मग एकदम हलिमाचा हात धरला, बायका धरतात तसा, आभाराला. आणि धरल्यावर थबकली. तो उलटा केला, सुलटा केला. पांढऱ्या बोटांवरून आपला काळ्या टोकाचा हात फिरवला. दोघींचे हात इतके थंड होते की कुणाचा कुणाला लागतो हे कळत नव्हतं.

“तुमच्यात पन बर्फाचं काम असतंय का गो?”

आतून एसीची घरघर येत होती.

“ह्यो रोग आजून कुनाला हाय का? का माज्या एकलीच्याच नशिबाला?”

“आहे,” हलिमा म्हणाली. “अजून एकीला आहे.”

“बरी हाय का ती?”

“तिला... कुणी सांगितलं नाही अजून.”

“मंग सांगा ना तिला,” गिरजाबाई म्हणाली, जरा रागानेच. “नाय सांगलं तं ती बर्फान हात घालीतच ऱ्हाईल. माज्यावानी.”

ती हलिमाचे हात चोळत राहिली, जोरजोरात, मासळीचा वास असलेल्या पदराने, लहान पोराचे चोळावेत तसे. हॉलमध्ये एसी नव्हता. थोड्या वेळाने पांढऱ्याची ती आखलेली हद्द पुसट झाली, बोटं निळी, मग लाल होऊ लागली, आणि रक्त परत येताना येतात त्या कळा सुरू झाल्या, नखांच्या खालून, आत, शंभर सुया एकदम. या कळा हलिमाला नव्या नव्हत्या. दर वेळी ती हात बगलेत दाबून त्या जिरवायची. आता तिने हात काढून घेतला नाही. आत ओट्यावर रजिस्टर उघडं होतं, तीनच्या ओळीवर एक ठिपका आणि पुढे कोरी जागा. पेशंटचं लिहितात तसं लिहायचं, पूर्ण नाव, मग वय, मग स्त्री. हलिमा, ती मनात म्हणाली. वय एकतीस. स्त्री. निकाल मात्र म्हणता येईना. घड्याळात चारला वीस मिनिटं होती, बोटं दुखत होती, फार दुखत होती, आणि खूप दिवसांनी ती बोटं तिला आपलीच वाटत होती.